पाव फेरा सैल

मिस्त्रींच्या दुकानात दोन स्टुलं होती. एक मिस्त्रींचं, वर्षानुवर्षं बसून मधोमध खोलगट झालेलं. दुसरं भिंतीला टेकवलेलं, त्यावर एक स्वच्छ फडकं घडी करून ठेवलेलं. सायकल दुरुस्तीच्या दुकानात स्वच्छ फडकं ही काही साधी गोष्ट नव्हे. तिथे धुतलेलं फडकं दारातून आत येईपर्यंत ग्रीसचं होतं. पण हे फडकं मिस्त्री दर रविवारी स्वतः धूत, वरच्या खोलीच्या खिडकीत वाळत घालत आणि सोमवारी खाली आणून स्टुलावर ठेवत. एखाद्या घाईतल्या गिऱ्हाइकानं हात पुसायला ते उचललंच, तर मिस्त्री असे काही बघत की त्या बिचाऱ्याला वाटे, आपण परक्याच्या ताटात हात घातला.

ते स्टूल काचवाल्या बाईंचं होतं.

बाई चष्म्याच्या दुकानात काम करत. पुढे काचेच्या कपाटांत फ्रेमा मांडलेल्या असतात तिथे नव्हे, मागच्या खोलीत, जिथे यंत्रावर काचा घासून आकाराला आणतात तिथे. चोवीस वर्षं. वय पन्नाशीच्या पुढे, बांधा किरकोळ, बोलणं नेमकं. ‘साधारण’ हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकू यायचा नाही. पुलापलीकडच्या घरातून त्या रोज सायकलनं कामावर जात आणि मिस्त्रींचं दुकान वाटेतच होतं.

मिस्त्रींचं म्हणाल तर वय बासष्ट. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. दुकानाच्या वर एक खोली, खोलीत एक पलंग, एक शेगडी आणि दोन खुर्च्या, ज्यातल्या एकीवर कपडे ठेवायची सवय लागून गेलेली. लेक लग्न होऊन लांब गेली होती. ती दर रविवारी न चुकता फोन करायची. ‘बाबा, जेवलात?’ जेवलो. ‘औषध घेतलंत?’ घेतलं. ‘गुडघा?’ ठीक आहे. मग तिच्याकडे कुणीतरी काहीतरी सांडायचं, ती ‘ठेवते हं’ म्हणायची, आणि मिस्त्री फोन बंद झाल्यावरही थोडा वेळ कानाशी धरून बसायचे.

पूर्वी गिऱ्हाइकं तरी बोलायची. पंक्चर निघेपर्यंत शेजारी उकिडवी बसून जगाची उठाठेव करायची. आता सायकल टेकवतात, ‘संध्याकाळी नेतो’ म्हणतात आणि फोनमध्ये नाक खुपसून निघून जातात. असे कितीतरी दिवस गेले की सकाळपासून मिस्त्रींच्या तोंडून कोपऱ्यावरच्या चहावाल्याला दिलेल्या हाकेपलीकडे शब्द निघाला नाही. ‘एक चहा!’ एवढंच. एकटेपणा म्हणजे काय, हे मिस्त्रींना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी ही हाकच पुन्हा मारून दाखवली असती.

तर ही गोष्ट सहा वर्षांपूर्वी सुरू झाली, आणि सुरू झाली ती खऱ्याखुऱ्या चुकीनं.

बाईंच्या सायकलची बीबी बदलायची होती. पायडलं ज्या दांड्यावर फिरतात तो दांडा, त्याच्या दोन टोकांना दोन वाट्या, वाट्यांत छर्रे, आणि हे सगळं बिऱ्हाड फ्रेमच्या खालच्या आडव्या नळीत बसवलेलं. धंद्यात ह्या सगळ्याला मिळून बीबी म्हणतात. नळीला आतून आटे असतात, त्यांत वाट्या फिरवून बसवायच्या. डाव्या वाटीवर बाहेरून एक लोखंडी कडं येतं. ते आवळलं की वाटी जागची हलत नाही. त्या दिवशी मिस्त्री घाईत होते की डोळ्यांनी दगा दिला कोण जाणे, कडं पुरतं आवळायचं राहून गेलं. तीन आठवड्यांनी बाई दारात हजर.

‘मिस्त्री, कट् कट् आवाज येतो.’

मिस्त्री ओशाळले. चाळीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. त्यांनी सायकल उलटी केली आणि बाईंना बसायला स्टूल दिलं. काम दोन मिनिटांचं. पण ती दोन मिनिटं बाई मिस्त्रींकडे बघत होत्या. मिस्त्री छर्रा हात लांब करून उजेडात धरत होते, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

‘तुमचा नंबर वाढलाय,’ बाई म्हणाल्या.

‘माझ्याकडे चष्माच नाही, तर नंबर कुठून वाढेल?’

‘मग तर जास्तच वाढलाय.’

दुसऱ्या दिवशी त्या दुकानातून तपासणीच्या काचांची पेटी घेऊन आल्या आणि मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे एकेक काच धरत पाऊण तास बसल्या. ‘आता कसं? आणि आता?’ मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे इतका वेळ, इतकं लक्ष देऊन कुणी बघितल्याला तीन वर्षं झाली होती. चार दिवसांनी चष्मा तयार झाला. तो घालून मिस्त्रींनी प्रथम स्वतःचे हात बघितले आणि म्हणाले, ‘अरे बापरे, हे असे आहेत होय!’ बाई खळखळून हसल्या.

बाई चष्मा घेऊन आल्या त्याच दिवशी मिस्त्रींनी ‘आलाच आहात तर बघून घेतो’ म्हणून पुन्हा कड्याला पाना लावला. खरं तर कडं घट्टच होतं. हाताला कुणी धरलं नव्हतं, कानात कुणी काही सांगितलं नव्हतं. मिस्त्रींनी ते पाव फेरा सैल केलं.

बाई एकोणिसाव्या दिवशी आल्या.

पुढे तो क्रमच झाला. अठरा-वीस दिवस गेले की कोपऱ्यावरून कट् कट् कट् ऐकू यायचं. मिस्त्री हातातलं काम खाली ठेवायचे, हात साबणानं धुवायचे आणि चहावाल्याला ओरडून सांगायचे, ‘दोन चहा!’ बाई उतरल्या की ते गंभीर चेहऱ्यानं सायकलकडे बघायचे. ‘बसा. वेळ लागेल.’ दोन मिनिटांच्या कामाला तास लागायचा. जाताना कडं घट्ट व्हायचं आणि मग पाव फेरा मागे यायचं.

याला लबाडी म्हणतात. दुसरा शब्द नाही. मिस्त्रींनाही तो ठाऊक होता, पण माणूस स्वतःशी बोलताना फार लाघवी होतो. आपण या कामाचं काही घेत थोडंच आहोत, असं ते मनाला सांगत. पाव फेऱ्यानं काय होतंय, असंही सांगत. आणि मन ऐकून घेई, कारण त्या मनालाही दुसरं बोलायला कुणी नव्हतं.

गल्लीनं आपल्या परीनं डोळे मिचकावून पाहिले, पण त्यात तसलं काही नव्हतं. बाई आईबद्दल सांगायच्या. आईला ऐकू येत नसे. ‘घरी दिवसभर ओरडायचं,’ त्या म्हणायच्या, ‘आणि कामावर यंत्राच्या घरघरीपुढे तोंड उघडण्यात अर्थ नाही. साध्या आवाजात बोलायला मिळतं ते इथेच.’ मिस्त्री बायकोबद्दल सांगायचे. तिला सायकल चालवता येत नव्हती. मिस्त्रीणबाईंना सायकल येत नाही हे कळलं तर धंदा बसेल म्हणून तिनं ते जन्मभर लपवलं, हे मिस्त्रींनी आजवर फक्त बाईंना सांगितलं होतं. कधी काहीच बोलणं नसे. मग मिस्त्री काम करत आणि बाई बघत बसत, आणि तेही चांगलंच वाटे.

सायकलला घंटी नव्हती. मिस्त्री दर वेळी म्हणत, ‘घंटी लावून देतो.’ बाई म्हणत, ‘कशाला? मी कोपऱ्यावर असते तेव्हाच लोक बाजूला होतात. त्यांना वाटतं काहीतरी मोडून पडतंय.’

गेल्या वर्षी बाईंची आई गेली. त्यानंतर पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसल्या. मग म्हणाल्या, ‘आता घरी ओरडावंही लागत नाही, मिस्त्री.’ त्या दिवशी चहा थंड झाला. आणि त्या दिवशीही, हे सांगायलाच हवं, मिस्त्रींनी कडं पाव फेरा सैल सोडलं. उलट जरा जास्तच.

मग एका मंगळवारी कोपऱ्यावरून आवाज आला नाही आणि बाई दारात उभ्या राहिल्या. सायकल हातानं ढकलत आणली होती. उजव्या मनगटाला जाड पट्टी होती, गालावर खरचटलेलं होतं.

मिस्त्री हातातलं काम टाकून उठले. ‘काय झालं?’

‘चौकात पायडल एकदम वाकडंतिकडं व्हायला लागलं, साखळी निसटली, आणि मी आडवी. मागच्या गाडीवाल्यानं वेळेवर ब्रेक मारला म्हणून बरं. हाड मोडलेलं नाही. पण तीन आठवडे यंत्राला हात लावायचा नाही, डॉक्टर म्हणालेत.’ त्या स्टुलावर बसल्या आणि डाव्या हातानं पट्टी सारखी केली. ‘सतरा वर्षांची आहे हो सायकल. म्हातारी झाली. भंगारात देऊन टाकू का?’

मिस्त्रींनी सायकल उलटी केली. पायडलं काढली, दांडा काढला. डावी वाटी पान्याविनाच, नुसत्या बोटांनी बाहेर आली. त्यांनी नळी फडक्यानं आतून पुसली, चष्मा नीट केला आणि आत डोकावले.

आटे उरलेच नव्हते. सहा वर्षं ती सैल वाटी प्रत्येक पायडलासरशी इकडून तिकडे डुलत होती आणि दर डुलण्याला आट्यांचा एक कण खात होती. जिथे धारदार गोल रेघा असायच्या तिथे नुसता गुळगुळीत खड्डा होता, आणि तळाशी लोखंडाचा काळा भुगा. चष्मा बाईंनी केला होता. त्यातून सगळं स्वच्छ दिसत होतं.

‘खूप वाईट आहे का?’ बाईंनी विचारलं.

‘आटे गेलेत.’

‘तुम्ही तरी किती करणार? दर वेळी एवढ्या मनापासून घट्ट करत आलात म्हणून इतकी वर्षं टिकली. दुसऱ्या कुणाकडे कधीच मोडून पडली असती.’

मिस्त्रींना वाटलं, याहून त्यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘ठेवून जा,’ ते कसेबसे म्हणाले. ‘परवा या.’

बाई गेल्या आणि मिस्त्री त्या नळीकडे बघत बसले. भंगारात टाका म्हणावं, तर बाई बसनं जातील आणि पुन्हा इकडे फिरकायच्या नाहीत. नीट दुरुस्त करावी, तर पुढची दहा वर्षं इकडे यायचं कारणच उरणार नाही. तिसरा मार्ग होता. वाटीखाली पत्र्याची पट्टी घालून ती तात्पुरती ठोकून बसवायची, की तीन आठवड्यांनी पुन्हा कट् कट्. तो विचार मनात आला तेव्हा मिस्त्रींना स्वतःची भीती वाटली. पट्टी बांधलेलं ते मनगट डोळ्यांपुढून हलेना.

बुधवारी सकाळी त्यांनी माळ्यावरून लाकडी पेटी काढली. तिच्यात मोठ्या मापाचे आटे पाडायचे दोन टॅप होते, तेलकट कागदात गुंडाळलेले. चाळीस वर्षांत चारदा वापरलेले. असे गेलेले आटे परत येत नाहीत. नळी आतून किंचित मोठी करायची आणि कोऱ्या लोखंडात नवे आटे पाडायचे, एवढाच उपाय. एका बाजूचे गेले तरी माप दोन्ही बाजूंचं बदलावं लागतं. हात चुकला तर फ्रेम कायमची संपते.

दुकानाचं एक दार त्यांनी ओढून घेतलं. फ्रेम शिकंज्यात आवळली, नळी मोठी करून घेतली, मग दोन बाजूंनी दोन टॅप घातले, दोन्ही एका रेषेत राहावेत म्हणून मधून सळई घातली, आणि तेल सोडलं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पुढे गेल्यावर लोखंड कापलं जातं, मागे आल्यावर कीस तुटून पडतो. मागे आलं नाही तर टॅप अडकतो. अर्धा पुढे, पाव मागे. इथे तो पाव फेरा प्रामाणिक होता, हेही मिस्त्रींच्या लक्षात आलं, आणि त्यांना स्वतःचाच राग आला. दंड भरून आले, गुडघा ठणकायला लागला. दुपारी जेवायचं राहिलं. चार वाजता त्यांनी टॅप बाहेर काढले, रॉकेलनं नळी धुतली आणि दिव्याच्या उजेडात बघितलं. नवे आटे चकचकीत, एकसारखे, धारदार होते. इतकं चांगलं काम त्यांनी बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं.

मग त्यांनी त्या मोठ्या मापाची नवी बंद बीबी घेतली. हिच्यात छर्रे आतच असतात, कडं नाही, सैल सोडायला जागाच नाही. आट्यांना लाल द्रावण लावलं. ते वाळलं की आटा आपला आपण सुटत नाही, हत्यार लावून जोर केला तरच सुटतो. लांब दांड्याच्या पान्यानं त्यांनी बीबी आवळली, शेवटपर्यंत, आणि मागे फिरवली नाही.

पायडल फिरवून बघितलं. काही ऐकू आलं नाही. चाक फिरत होतं, साखळी फिरत होती आणि सायकल मुकी झाली होती. मिस्त्री कितीतरी वेळ पायडल फिरवत बसले. मग उठून त्यांनी खणातून एक नवी घंटी काढली, हँडलला बसवली, तिच्या टोपीच्या आट्यालाही लाल द्रावणाचा एक थेंब लावला आणि टोपी गच्च फिरवली. आता लोकांना बाजूला व्हायला काहीतरी हवंच होतं.

गुरुवारी बाई आल्या. त्यांनी मागचं चाक उचलून डाव्या हातानं पायडल फिरवलं, कान जवळ नेला आणि हसल्या. ‘ही माझीच का? की बदलून दिलीत?’

‘तुमचीच.’ मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. ‘बाई, बसू नका. आधी ऐका.’

आणि त्यांनी सांगितलं. आढेवेढे घेतले नाहीत, घाई किंवा वय पुढे केलं नाही. पहिली चूक खरी होती, त्यानंतरची एकही चूक नव्हती, हे सांगितलं.

बाई हँडल धरून उभ्या होत्या. ‘किती सैल?’

‘पाव फेरा.’

‘दर वेळी?’

‘दर वेळी.’

‘आई गेल्यावर आले होते तेव्हा?’

मिस्त्रींनी मान खाली घातली.

‘मी काचा घासते, मिस्त्री,’ बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. ‘माझा हात केसभर चुकला तर कुणाचातरी पाय जिन्यावरून चुकतो. चोवीस वर्षांत मी कुणाची काच मुद्दाम चुकवली नाही. बसायला येत जा, असं म्हणायचं होतंत.’

‘म्हटलं असतं तर आला असतात?’

बाईंनी स्टुलावरच्या फडक्याकडे एकदा बघितलं, सायकल वळवली आणि पायीच ढकलत घेऊन गेल्या.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यात हशील नाही, कारण ते गेलेच नाहीत, नुसते पडून राहिले. तीन आठवडे झाले, मनगट बरं झालं असणार, बाई सायकलवर बसायला लागल्या असणार. पण मिस्त्रींना कळणार कसं? पूर्वी कोपऱ्यावरून ऐकू यायचं. आता त्या समोरून गेल्या तरी मान खाली असली तर पत्ता लागायचा नाही. आवाज त्यांनी स्वतःच्या हातानं काढून टाकला होता, आणि इतका चांगला काढला होता की परत यायची सोय नव्हती. म्हणून मिस्त्री मान वर ठेवून काम करू लागले. एकदा बोट साखळीत सापडलं. लेक फोनवर म्हणाली, ‘बाबा, तुमचा आवाज असा का येतोय?’ मिस्त्री म्हणाले, ‘दिवसभर वापरला नाही, म्हणून.’ त्या रविवारी फोन नेहमीपेक्षा जरा लांबला.

फडकं ते धूतच राहिले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सातव्या आठवड्यात, दुपारी, समोर सावली पडली. मिस्त्री चाकाची डुगडुग काढत होते. वर बघितलं तर बाई. सायकल बरोबर होती, मनगटाला पट्टी नव्हती.

‘घंटी सैल झालीय,’ बाई म्हणाल्या. चेहरा दगडासारखा.

मिस्त्रींनी हात पुसले आणि घंटी बोटांनी चाचपली. टोपी खरंच डुगडुगत होती. लाल द्रावण लावलेली, गच्च फिरवलेली टोपी. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि जवळ वाकून बघितलं. टोपीच्या चकचकीत कडेवर दोन्ही बाजूंना ताजे ओरखडे होते. हत्यार कारागिराचं नव्हतं. भांडी उतरवायच्या पकडीचे दात होते ते, स्वयंपाकघरातल्या. एकदा पकड घसरून लांब रेघ ओढली गेली होती. आधी उलट्या बाजूला जोर केलेला दिसत होता, मग सुलट्या. बरीच झटापट झाली असणार.

मिस्त्रींना वर बघायचा धीर झाला नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि चष्मा काढून पुसावा तर तोही बाईंनीच केलेला.

‘रस्ते खराब आहेत,’ बाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या.

‘फारच,’ मिस्त्री म्हणाले. त्यांनी घंटीची टोपी अलगद सोडवून हातात घेतली. काम अर्ध्या मिनिटाचं होतं. ‘बसा. वेळ लागेल.’

बाईंनी फडकं उचललं, दोनदा झटकलं, पुन्हा घडी केली आणि स्टुलावर बसल्या.

लाल द्रावणाची बाटली समोरच होती. मिस्त्री ती सोडून खणात शोधत बसले. मग तसेच उठून दारात गेले आणि कोपऱ्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, ‘दोन चहा!’